महासाथ, बालविकास आणि कुटुंबाचे अलिखित अर्थकारण

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मध्य प्रदेशातील पहिले चार कोविडबाधित रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपूरमध्ये आढळले. त्यानंतर पाचच दिवसांनी, २५ मार्चपासून, देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या आठवड्यात या शहरात जन्मलेल्या बालकांच्या वयाला मार्च २०२६ मध्ये सहा वर्षे पूर्ण होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार हेच इयत्ता पहिलीच्या प्रवेशाचे वय होय. त्यामुळे महासाथ संपली तरी तिचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. प्रत्यक्ष विषाणूचा धोका लहान मुलांना तुलनेने कमी होता. परंतु ज्या सेवांवर आणि ज्या घरावर त्यांचा विकास अवलंबून असतो, त्या दोहोंना जबर धक्का बसला.

इतिहासाचा दाखला

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, असे अंदाज आहेत. जबलपूर ज्यात मोडत असे, तो मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक हानी झालेल्या प्रदेशांपैकी एक होता. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या घटली, याचे प्रमुख कारण ही साथ होय. त्या साथीतून वाचलेल्या गर्भस्थ बालकांचे पुढे काय झाले, याचा अभ्यास डग्लस आमंड या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतील जनगणनेच्या आधारे करून २००६ मध्ये प्रसिद्ध केला. साथीच्या काळात मातेच्या गर्भात असलेल्यांचे शिक्षण व उत्पन्न प्रौढपणी इतरांपेक्षा कमी आणि अपंगत्वाचे प्रमाण अधिक आढळले. या परिणामाच्या तीव्रतेविषयी नंतर मतभेद झाले. तरी बालपणीच्या आघाताची किंमत कित्येक दशकांनी चुकवावी लागू शकते, हा विचार त्यातून अर्थशास्त्रात दृढ झाला.

बंद अंगणवाडी, वाढलेला भार

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीमार्फत पूरक पोषण, शालापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा दिल्या जातात. टाळेबंदीत केंद्रे बंद झाली. शिधा घरपोच देण्याचे प्रयत्न झाले; परंतु तीन ते सहा वर्षांच्या बालकांना मिळणारा गरम आहार, वजनाची नियमित नोंद आणि समवयस्कांबरोबरचे खेळ घरपोच देता येणे कठीण होते. लसीकरणही विस्कळीत झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार, त्रिगुणी लसीची पहिली मात्राही न मिळालेल्या भारतीय बालकांची संख्या २०१९ मधील सुमारे १४ लाखांवरून २०२० मध्ये ३० लाखांवर गेली.

अंगणवाडीचे दार बंद झाले म्हणून तिचे काम नाहीसे झाले नाही. ते घरात, म्हणजे मुख्यतः आईकडे आले. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे आहेत. महासाथीच्या दोन्ही बाजूंना श्रमविभागणी जवळजवळ तीच राहिली. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. त्यामुळे सेवा बंद ठेवल्याने वाचलेला खर्च दिसतो, कुटुंबाने उचललेला भार मात्र दिसत नाही.

हा भार सर्व घरांवर सारखा नव्हता. जबलपूरच्या संरक्षण साहित्य कारखान्यांतील अथवा रेल्वेतील कायम कर्मचाऱ्याला वेतनाची शाश्वती होती. बांधकाम मजूर, फेरीवाला किंवा घरी विड्या वळणारी स्त्री यांना ती नव्हती. उत्पन्न आटलेल्या घरात प्रथम दूध, अंडी, भाजीपाला व फळे कमी होतात. वाढत्या वयाच्या बालकाची नेमकी तीच गरज असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील ३५.७ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. अशा पूर्वस्थितीत आघाताची झळ अधिक बसते.

भरपाई शक्य आहे

नुकसान झाले ते कायमचेच, असे मानणेही योग्य नव्हे. ‘असर’ अहवालांनुसार, दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या ग्रामीण विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. तामिळनाडूतील एका अभ्यासात शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत अध्ययनातील सुमारे दोन तृतीयांश हानी भरून निघाल्याचे दिसले; त्यात स्वयंसेवकांमार्फत वस्तीपातळीवर चाललेल्या ‘इल्लम तेडि कल्वी’ या पूरक वर्गांचा लक्षणीय वाटा होता. अर्थात, २७ टक्के हे प्रमाण मुळातच अपुरे आहे. पूर्वस्थितीला येणे हे उद्दिष्ट ठरू शकत नाही.

पालक गमावलेल्या बालकांसाठी ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ तसेच मध्य प्रदेश शासनाची दरमहा ५,००० रुपयांची मदत या योजना २०२१ मध्ये जाहीर झाल्या. त्याच वर्षी ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ आणि ‘निपुण भारत’ या मोहिमाही आल्या. तथापि पालक हयात असूनही जी कुटुंबे खचली, त्यांची बालके कोणत्याही स्वतंत्र यादीत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नियमित अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा हाच आहे.

यातून धोरणकर्त्यांसाठी तीन निष्कर्ष निघतात. पुढील आपत्तीत अंगणवाडी ही अत्यावश्यक सेवा मानून तिचे पर्यायी स्वरूप आधीच ठरवून ठेवावे. २०१९ ते २०२२ या काळात जन्मलेल्या बालकांची वाढ, भाषा व अंकज्ञान इयत्ता पहिलीच्या आरंभी तपासून त्यांना पूरक साहाय्य द्यावे. आणि कोणतीही सार्वजनिक सेवा स्थगित करताना तिचा भार कोणावर पडतो, याची नोंद त्या आदेशातच असावी. अर्थसंकल्पातील बचत ही अनेकदा कोणाच्या तरी घरातील खर्च असते, याचे भान उद्याच्या प्रशासकांनी ठेवणे आवश्यक आहे.