माल कोणता?



 अग्निशमन सेवेच्या या परिषदेच्या स्वागताध्यक्षांनी माझ्या धाडसाबद्दल जे सांगितलं, त्यातलं निम्मं खरं नाही आणि उरलेलं निम्मं धाडस नव्हतं, अज्ञान होतं. आज त्या अज्ञानाबद्दलच बोलावं असं ठरवून आलो आहे.

माझे आजोबा कडब्याच्या गंजीत लोखंडी पहार खुपसून ठेवायचे. तासाभराने उपसायचे आणि तिच्या टोकाला हात लावून बघायचे. पहार कोमट लागली तर गप्प बसायचे. चटका बसला तर घरातल्या सगळ्यांना कामाला लावून गंज मोडायला घ्यायचे. ‘गंज उबली’ एवढंच म्हणायचे. ओल राहिलेला चारा आतून तापतो, ती ऊब बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ऊबच ऊब वाढवत जाते आणि एका रात्री कुणी काडी न लावता गंज पेटते. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४.२ नावाचा वर्ग आहे, वर पांढरी आणि खाली लाल अशी चौकट. त्या वर्गाचा अर्धा अभ्यासक्रम आजोबांच्या पहारीत होता. आपल्या गोदामांत ढिगाने पडलेली सरकीची पेंडसुद्धा, तेलाचं आणि ओलीचं प्रमाण जास्त असेल तर, याच वर्गात बसते. पेंडीच्या गोदामाच्या दारावर ती चौकट मी आजवर पाहिलेली नाही.

जवसाचं तेल तर विदर्भात घरोघरी. पण ते तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून दिला की काय होतं, ते फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीने २३ फेब्रुवारी १९९१ ला दाखवलं. लाकडाला पॉलिश करणाऱ्या कामगारांनी अशा चिंध्या बाविसाव्या मजल्यावर सोडल्या होत्या. आपल्याच पेशातले तीन जवान तिथे मरण पावले. आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, तिथल्या दहा स्प्रिंकलरमुळे. बोळा पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावलं असतं तर त्या शनिवारी रात्री वर्दीच आली नसती.

या ४.२ वर्गात दोन जाती आहेत. एक या उबणाऱ्या मालाची. तिला मोठा ढीग आणि बराच वेळ लागतो. दुसरी जात हवा लागताच, पाच मिनिटांच्या आत, चिमूटभर असली तरी पेटते. पांढरा फॉस्फरस त्यातला. ३० अंशांच्या आसपास पेट घेणारी वस्तू म्हणजे आपल्याकडच्या चैत्रात सावलीतसुद्धा बेभरवशाची; म्हणून ती पाण्याखाली ठेवतात. ८ जुलै १९८६ ला अमेरिकेत ओहायोतल्या मायामिसबर्गला फॉस्फरसचा टँकर असलेली मालगाडी घसरली. ती आग काही दिवस पुरली आणि हजारोंना घरं सोडावी लागली. फॉस्फरस विझतो म्हणजे फक्त ओला होतो. वाळला की पुन्हा पेटतो. भाजलेल्या माणसाच्या अंगावरही पेटतो, म्हणून जखमेवरचं फडकं रुग्णालयात पोचेपर्यंत ओलंच ठेवायचं असतं. हे रुग्णवाहिकेच्या चालकाला कुणी सांगितलं आहे का, एवढं आपापल्या गावी परतल्यावर विचारा.

आता माझी गोष्ट. नोकरीत नवा होतो. आषाढ होता. एका औद्योगिक वसाहतीतल्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातून वर्दी आली: ‘गोदामात धूर’. आत गेलो तर काडी ओढल्यावर येतो तसा वास, पण नाकाडोळ्यांत झोंबणारा. पत्र्यातून पाणी ठिबकत होतं आणि खाली पांढऱ्या भुकटीचे ड्रम. एकाचं झाकण उघडं राहिलेलं. ज्वाळा म्हणाल तर नावाला. मी नळीची ब्रँच घेऊन जपून, माल खराब होऊ नये अशा बेताने, थोडा फवारा मारला. ड्रम फुरफुरला आणि छतापर्यंत भडकला. मी मागे सरलो, पुन्हा थोडा मारला, पुन्हा भडका. शेजारचा ड्रमही धुमसायला लागला.

दाराशी एक म्हातारा हमाल तोंडावर पंचा धरून उभा होता. तो ओरडला, ‘साहेब, हायड्रो हाय त्यो! पाणी दाखवू नका. दाखवायचं आसंल तर हीर वता!’

हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. निळीसारखे व्हॅट रंग विरघळवायला इचलकरंजीपासून भिवंडीपर्यंत रोज वापरतात. थोडं पाणी लागलं की तो तापतो, फुटतो आणि सल्फर डायऑक्साइड सोडत पेटतो. वाळू टाकून कोंडावा म्हणाल तर त्याला जळायला बाहेरची हवाच लागत नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत वापरल्या जाणाऱ्या आपत्कालीन मार्गदर्शिकेतलं ‘गाइड १३५’ हे पान उघडा. या वर्गाच्या मालावर पाणी, कार्बन डायऑक्साइड किंवा फेस मारू नका, कोरडी भुकटी, सोडा अॅश, चुना, वाळू वापरा, असं ते बजावतं. आणि लगेच अपवाद देतं: हायड्रोच्या जातीचा माल असेल तर पाण्याने बुडवून टाका. म्हाताऱ्याने तेच पान तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. दोन लाइन लावून आम्ही ड्रम अक्षरशः बुडवले तेव्हा ते निवले. ते आम्लाचं पाणी कुठल्या नाल्यात गेलं, हा प्रश्न तेव्हा मला सुचलाही नाही. तोही अज्ञानाच्याच खात्यावर लिहा.

पुढे कळलं की न्यू जर्सीतल्या लोडाय गावात २१ एप्रिल १९९५ ला हाच हायड्रो अॅल्युमिनियमच्या भुकटीबरोबर मिक्सरमध्ये तापला होता. माणसं बाहेर काढली होती. मग काही जणांना मिक्सर रिकामा करायला पुन्हा आत पाठवलं. पाच जणांचा जीव गेला. बाहेर काढलेल्या माणसाला परत आत पाठवण्याआधी मोठा अधिकारी काय विचार करतो, यावर या परिषदेत एक वेगळं सत्र व्हायला हवं. माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे इथे आहेत.

आपल्या धंद्याची शिकवण घाईची आहे. घंटा वाजली की मिनिटाच्या आत बंब बाहेर, पोचताच पाणी. लाकूड, कापूस, झोपडी, दुकान यांच्यासाठी ती बरोबरच आहे. पण पेट्रोकेमिकल कारखान्यांत वापरतात त्या ट्रायइथाइल अॅल्युमिनियमवर पाणी मारणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. तिथे शेजारच्या टाक्या थंड ठेवायच्या आणि तो माल जळू द्यायचा. जळू देणं! नव्या मुलांना हे शिकवणं सगळ्यांत अवघड जातं. बघे मोबाइल धरून उभे असतात, नगरसेवक ओरडत असतो, आणि तुम्ही हाताची घडी घालून आग बघता.

दरवर्षी १४ एप्रिलला आपण मुंबईच्या गोदीतल्या ६६ जवानांसाठी मान खाली घालतो. १९४४ सालच्या त्या दुपारी ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीत ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं होतं. कापसाच्या गठाणी आतून धुमसत होत्या, धुरात आगीचं मूळ सापडत नव्हतं आणि त्याच बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला आणि सगळं संपलं. त्यांच्या शौर्याबद्दल मी काय बोलणार? मला छळतो तो एकच हिशेब: एका पोटात कापूस आणि दारूगोळा, ही गोष्ट दुपारी दोन वाजता गोदीतल्या किती माणसांना ठाऊक होती, आणि त्यातल्या किती जणांना कुणी विचारलं?

म्हणून या परिषदेपुढे माझी एकच मागणी आहे. वर्दी घेणाऱ्याचा पत्त्यानंतरचा दुसरा प्रश्न ‘माल कोणता?’ हा असावा, आणि तो मॅनेजरला विचारून थांबू नये. मॅनेजर साठ्याची वही शोधतो. ड्रम लोटणारा, पोती वाहणारा, टँकरवरचा क्लीनर यांना माल नावानिशी नाही तरी गुणानिशी ठाऊक असतो. ड्रमवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. म्हणून तिथे मराठीत आणि हिंदीत चार ठसठशीत शब्द हवेत, आणि ते त्यांच्याच तोंडचे असावेत. ‘हीर वता’ हे मी आहे तसं छापीन.

आणि घटनेच्या अहवालात एक रकाना वाढवा: माल कोणी ओळखला. त्या आषाढातला माझा अहवाल निवृत्तीच्या आधी मी दप्तरातून काढून वाचला. पाण्याचा दाब, लाइनींची संख्या, सुटकेची वेळ, माझं नाव, ड्रायव्हरचं नाव, सगळं होतं. म्हाताऱ्याच्या जागी मी तीन शब्द लिहिले होते: ‘घटनास्थळी मिळालेल्या माहितीवरून’.