गुडघा दुखतोय, म्हणून व्यायाम बंद?

पन्नाशीच्या आसपास गुडघा कुरकुरू लागला की घरोघरी एकच फर्मान सुटतं: जिने चढू नका, खाली बसू नका, वजन उचलू नका. एक्स-रेत ‘गॅप कमी झालाय’ असं कळलं, की माणूस उरलेला गुडघा पुरवून पुरवून वापरू लागतो. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून दिला जातो. काही महिन्यांत मांडी उतरते आणि दुखणं मात्र होतं तिथेच असतं.

याचं कारण सांध्याच्या घडणीत आहे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, आणि दाब पडला, सुटला, पुन्हा पडला की ते आत मुरतं. शिवाय पायरी उतरताना बसणारा हिसका मांडीचे पुढचे स्नायू झेलतात. ते ढिले पडले की भार सांध्यावर येतो.

‘आता या वयात कसले स्नायू कमावणार?’ असं विचारणाऱ्यांनी बोस्टनमधला १९९० सालचा प्रयोग ऐकावा. डॉ. मारिया फियाटारोन यांनी तिथल्या वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना वजनं लावून पायाचा व्यायाम करायला लावला. तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद आठ आठवड्यांत सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली! पन्नाशीतल्या माणसानं वयाची सबब सांगायची ती कोणत्या तोंडानं?

दुखऱ्या सांध्याला व्यायाम किती द्यायचा, याचं सोपं माप डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालू असलेल्या ‘ग्लॅड’ उपक्रमात मिळतं. शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना आकडा पाचापर्यंत गेला तरी चालतं, पण चोवीस तासांत तो नेहमीच्या जागी यायला हवा. नाही आला, तर पुढच्या वेळी व्यायाम थांबवायचा नाही, कमी करायचा.

आणि जड वजनांचा हट्टही नको. अमेरिकेतल्या ३७७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर दीड वर्ष चाललेल्या अभ्यासाचा निकाल २०२१ मध्ये आला. जड वजनं उचलणाऱ्यांचं दुखणं हलकी वजनं उचलणाऱ्यांपेक्षा काही जास्त कमी झालं नाही. जिमवाल्यांना हे रुचणार नाही. पण डंबेल पाहूनच धास्तावणाऱ्यांना हायसं वाटेल.

घरची खुर्ची पुरते. तिची पाठ भिंतीला टेकवावी, बैठकीवर एक उशी ठेवून उंची वाढवावी. पावलं खांद्यांइतकी रुंद, हात छातीशी. श्वास सोडत उठावं आणि बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश खाली यावं. खरी मेहनत इथेच आहे. बहुतेक जण शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसतात. आठ-दहा वेळा नीट जमू लागलं की उशी काढावी. एक दिवस आड केलं तरी पुष्कळ.

सांधा सुजून गरम लागत असेल, चालताना मध्येच अडकत असेल, पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर मात्र हे काही करू नये. आधी डॉक्टरांना गुडघा दाखवावा आणि व्यायामाचं काय, हेही त्यांनाच विचारावं.