मुक्या जिवांचे ऋण



हीरक महोत्सव हा कृतज्ञतेचा सोहळा. ज्यांचे आभार सहसा कोणी मानीत नाही, अशा प्रयोगशाळेतील उंदरांविषयी मी आज बोलणार आहे.

सोनोग्राफीत रक्तप्रवाह स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. आकाराने ते साधारण तांबड्या रक्तपेशीएवढे. त्यांच्या कवचावर विशिष्ट रेणू बसवला, की ते कर्करोगाच्या गाठीतील नव्या रक्तवाहिन्यांना चिकटून राहतात आणि पडद्यावर उजळून दिसतात. हे तंत्र आधी उंदरांवर पारखले गेले. त्यानंतर स्तन वा अंडाशयात गाठ असलेल्या ४५ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

उंदरातील गाठ झपाट्याने वाढते. माणसातील गाठीशी ती पुरती जुळत नाही. म्हणूनच उंदरावर साधलेले माणसावर पुन्हा तपासावे लागते.

मग त्या जिवांना यातना का द्याव्यात, असे विद्यार्थी विचारतात. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन तत्त्वे मांडली: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. सोनोग्राफीने तोच उंदीर वारंवार तपासता येतो. त्यामुळे कमी प्राण्यांत काम भागते. तरीही प्रश्न पुरता सुटत नाही.

पालकहो, आपल्या मुलांनी हा प्रश्न घरी विचारला, तर त्यांना गप्प करू नका. उद्याच्या संशोधकाच्या हाताला तोच प्रश्न जपून वागायला शिकवील.