महाळुंगाखालचा भुंगेरा

कनेरगाव नाक्याच्या शिवारांतील शेतकऱ्यास भुंगेरे अपरिचित नाहींत. खत उकरतांना निघणारी, अंगाची वेटोळी करून पडणारी पांढरी हुमणी तो ओळखतो. आंब्याच्या बुंध्यांतून भुसा गळूं लागला, म्हणजे आंत भिरूड शिरला, हेंहि तो जाणतो. हा भिरूड म्हणजे लांब शिंगांच्या एका भुंगेऱ्याची अळी होय. त्याच कुळांतील एक प्रचंड भुंगेरा दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत असतो. त्याचें शरीर सुमारें ७ सेंटिमीटर लांब. नराचे पुढचे पाय त्याहूनहि लांब. काळ्या पाठीवर तांबड्या-पिवळ्या रंगांची नक्षी. मारिया सिबिला मेरियन या विदुषीनें काढलेलें त्याचें जलरंगांतील चित्र इंग्लंडच्या राजसंग्रहांत आजहि आहे.

मारियेचा जन्म १६४७ सालीं फ्रँकफर्ट येथें झाला. किडे कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असें त्या काळीं पुष्कळांस वाटे. तिनें मात्र लहान वयांतच रेशमाचे किडे पाळून त्यांचीं स्थित्यंतरें पाहिलीं. १६९९ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, स्वतःचीं चित्रें विकून तिनें पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीसह ती डच लोकांच्या सूरिनाम वसाहतींत गेली. साखरेवांचून दुसरें कांहीं शोधणाऱ्या या बाईस तेथील मळेवाले हसत. तिला किडे आणून देणारे, रानांतून वाट काढून देणारे हात गुलामांचे व मूळ रहिवाशांचे होते. त्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींत. आजारामुळें १७०१ सालीं ती परतली. १७०५ सालीं साठ चित्रपटांचा तिचा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथें निघाला.

मेलेली अळी सुकते, तिचा रंग उडतो. म्हणून जिवंतपणींचें रूप टिकविण्यास चित्रावांचून उपाय नव्हता. चर्मपत्रावर जलरंगाचे पातळ व दाट थर देऊन, डिंकाच्या योगानें तिनें त्यांस तकाकी आणली. अठ्ठाविसाव्या चित्रांत महाळुंगाची फांदी आहे. पतंग आहे, त्याची अळीहि आहे. खालीं तो भुंगेरा आहे. परंतु त्याची अळी नाहीं. जें पाहिलें नाहीं, तें कल्पनेनें रंगविलें नाहीं.

ती रिकामी जागा शेतकऱ्यास विशेष बोलकी वाटावी. भुंगेरा बाहेर पडलेला दिसतो, तोंवर त्याच्या अळीनें खोड पोखरलेलें असतें. झाड वांचवावयाचें, तर भुंगेऱ्याआधीं अळी ओळखिली पाहिजे.