आधी कामाची पाळी लावा, मग पिशवी भरा

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा. आज आपण सुट्टीबद्दल बोलणार आहोत. "आम्हाला कसली आलीय सुट्टी?" असं म्हणून कुणीतरी हसलं असणार. आमच्या गटाच्या बैठकीतही सगळ्या अशाच हसल्या होत्या.

पण आपल्याकडे बाईला सुट्टी अगदीच नव्हती असं नाही. पंचमीला, भाऊबिजेला भाऊ न्यायला यायचा. चार दिवस आईच्या हातचं आयतं खायचं, दुपारी जरा आडवं व्हायचं. माहेरपण ही आपली हक्काची रजाच होती. आई-वडील गेले की ती रजा संपते. आणि नेमकं त्याच वयात गुडघे बोलायला लागतात, पाळी जायची वेळ येते, झोप उडते.

काम मात्र तेवढंच राहतं. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, कोणाचा वेळ कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. शेतातलं आणि मजुरीचं काम यात धरलेलंच नाही.

याचा तब्येतीशी काय संबंध? अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास डॉक्टरांनी १९४८ पासून चालवला आहे. त्यातल्या ४५ ते ६४ वयाच्या बायकांकडे वीस वर्षं लक्ष ठेवलं. ज्या गृहिणी क्वचितच सुट्टीवर जायच्या, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. सुट्टीनेच हृदय वाचतं, असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्यांना जाता येतं त्यांना बाकीचंही सुख असू शकतं. पण विसावा ही चैन नाही, एवढं यातून नक्की घेण्यासारखं आहे.

आता आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या गटात बारा जणी. पहिल्या वर्षी एका दिवसाच्या देवदर्शनाला गेलो. रात्री दोनला उठून भाकऱ्या थापल्या, घरच्यांचा दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवला, तेव्हा कुठे गाडीत बसलो. रात्री परत आलो तर भांड्यांचा ढीग, शेण तसंच पडलेलं. दोघी जणी दुसऱ्या दिवशी तापाने झोपल्या. "असली सहल नको गं बाई," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग बैठकीत बसून विचार केला. चूक सहलीत नव्हती. आम्ही काम कुणाकडे दिलंच नव्हतं, फक्त पुढे-मागे ढकललं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही जोड्या लावल्या. सहा जणी जायच्या, सहा जणी मागे राहायच्या. प्रत्येकीची म्हैस, शेळ्या तिची जोडीदारीण बघणार. पुढच्या वेळी उलट. घरातल्या माणसांना आणि पोरांना आठवडाभर आधी कामं वाटून दिली. आधी करून ठेवायचं काही नाही, हा नियम. महिन्याला वीस रुपये वेगळे काढले, वर्षाचे २४० झाले. बचतीला हात लावला नाही, कर्ज तर नाहीच. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहेच. उरलेले पैसे जिचे तिने घातले.

जाण्याआधी सगळ्यांनी आरोग्य उपकेंद्रात बीपी तपासला. आमच्यातल्या एका काकूंचा वरचा आकडा १६० निघाला. डोकं दुखायचं, त्या म्हणायच्या उन्हाने दुखतं. डॉक्टरांनी पुन्हा तपासून गोळी चालू केली आणि "जा खुशाल, गोळी चुकवू नका" म्हणाले. काकूंची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या रात्रीपुरत्याही कुठे राहिल्या नव्हत्या. "मी गेले तर धार कोण काढणार?" एवढंच त्यांचं चाललेलं. जोडीदारीण म्हणाली, "मी काढते. तुम्ही निघा."

कराडहून एसटीने निघालो. कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूणला गाडी बदलली आणि गुहागरला पोचलो. समुद्र पाहिला, पाण्यात पाय घालून बसलो. रात्री कुणी हाक मारणारं नव्हतं. सकाळी काकू उठल्या तेव्हा सात वाजून गेले होते. चहा हातात आला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आयता चहा विसरलेच होते," म्हणाल्या.

सहलीने काकूंचा बीपी गेलेला नाही, गोळी चालू आहे. पण त्या निमित्ताने तो सापडला. आणि घरी आल्यावरही एक बदल टिकला. संध्याकाळची धार आता त्यांचा मुलगा काढतो.

सुट्टीतली तरतरी काही आठवड्यांत विरते, असं अभ्यास करणारेही सांगतात. म्हणून दहा वर्षांतून एक मोठी यात्रा करण्यापेक्षा वर्षातून दोन-तीनदा छोटा विसावा बरा. गुहागरच हवं असं नाही. बहिणीकडे दोन दिवस राहिलात तरी चालेल, फक्त तिथे जाऊन तिची भांडी घासू नका!

निघताना रोजच्या गोळ्या बरोबर घ्या. बाहेर संडासाची सोय नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका आणि लघवी तुंबवू नका, त्याने जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. मुतारी कुठे आहे ते गाडीतून उतरल्यावर आधी विचारा. यात लाज कसली?

येत्या बैठकीत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं काढा. माझ्या घरचं काम दोन दिवस कोण बघेल आणि मी कुणाचं बघेन, ही दोन नावं प्रत्येकीने वहीत लिहा. आणि शेवटची घराबाहेर कधी राहिलात, तेही एकमेकींना विचारा. जिला आठवणारच नाही, तिचं नाव पहिल्या यादीत घाला.