बँड कुणाचा, वरात कुणाची?

(बेंबळीत युवकांच्या बैठकीत केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे आवरून.)



तुम्ही मला संस्कृतीवर बोलायला बोलावलं. संस्कृती म्हटलं की आपल्यातले शहरात शिकून आलेले लोक अजिंठ्यापासून सुरुवात करतात. मी बँडवर बोलणार आहे. लग्नात वाजतो तो बँड. पितळेचा, सिनेमाची गाणी वाजवणारा. हसू नका. माझा बाप याच बेंबळीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मी मांगाचा. सात-आठ वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागं खुळखुळा हलवत चालायचो. आता साठीला टेकलो.

बोलायचं कारण सांगतो. मागच्या जयंतीला पोरांनी वर्गणी जमवली. माझा चुलतभाऊ अजून बँड चालवतो. तो कमिटीकडं गेला, म्हणाला, बाबासाहेबांची जयंती हाय, निम्म्या पैशात वाजवतो. तर एक पोरगं, आपलंच, शिकलेलं, म्हणालं, "काका, वाजवायचं काम ही गुलामी. बाबासाहेबांनी ती सोडा म्हणून सांगितलं. आम्ही डीजे ठरवलाय." भाऊ गप घरी आला. क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. त्या पोराला उत्तर द्यायला मी उभा आहे. त्याचं निम्मं म्हणणं खरं आहे, म्हणून उत्तर सोपं नाही.

खरं निम्मं आधी घेऊ. गावगाड्यात हलगी, डफडं, सनई आमच्या वाट्याला आली ती काही आमची आवड विचारून आली नाही. हलगीला कातडं असतं. सनईला तोंड लावावं लागतं. कातडं विटाळाचं आणि थुंकी उष्टी, असं हे शास्त्र. लग्न असो, पोळा असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोय नाही. मोबदला काय, तर खळ्यावरचं पसाभर धान्य आणि पंगत उठल्यावर उरलेलं अन्न. मंगलकार्याला आमचा सूर पाहिजे, आमची सावली नको! याचं नाव बलुतं. हे सोडलंच पाहिजे होतं. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिचं नाव नीट ऐका : महार-मांग वतनदार परिषद. दोघांची एक परिषद. वतनदार कसले, वेठ करणारे! बाबासाहेबांना बैलगाडीतून मिरवत नेलं, हे जिल्ह्यात म्हातारी माणसं अजून सांगतात.

पण मित्रांनो, सोडायची होती ती वेठ. बँड वेठीत बसतो का, हे त्या पोरानं तपासलं नाही.

पितळी बँड आला इंग्रजांच्या पलटणीबरोबर. साहेबाची कवायत त्याच्यावर चालायची. मग राजेरजवाड्यांनी तो ठेवला, आणि तिथून तो वरातीत उतरला. मेरठमध्ये नादिर अली नावाच्या बँडमास्तरनं १८८५ साली कंपनी काढली. आज देशभर जी ट्रंपेटं, युफोनियमं वाजतात, त्यातली कितीतरी मेरठच्या जली कोठी भागात घडतात. आणि वाजवणारे कोण? देशभर बघा, जास्त करून गरीब मुसलमान आणि दलित. ग्रेगरी बूथ नावाच्या न्यूझीलंडच्या विद्यापीठातल्या माणसानं या लोकांत हिंडून 'ब्रास बाजा' हे जाडजूड पुस्तक लिहिलं, २००५ साली निघालं. आपल्या साहित्यिकांनी बँडवाल्यावर किती पानं लिहिली, ते त्यांनीच मोजावं.

आता तो गणवेश बघा. लाल कोट, खांद्यावर झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. लोकांना हसू येतं. मला दुसरं आठवतं. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार होते, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. खरा गणवेश काढून घेतला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. मधल्या काळात, आणि नंतरही, आमच्या बापजाद्यांना खांद्यावर झालर मिळाली ती दुसऱ्याच्या लग्नात, रात्रीपुरती. तरीपण गड्यांनो, ज्या गावात अंगात नवा सदरा घातला तर मार बसायचा, त्या गावच्या रस्त्यानं माझा बाप छाती काढून, लाल कोटात, सगळ्यांच्या पुढं चालला. त्याचा माज होता त्याला. त्यो माज मी बघितलाय.

आणि पैसा. बँडची सुपारी ठरते. आधी बयाणा, मग तारीख. दर आम्ही सांगतो, ते घासाघीस करतात, पटलं तर जातो. बलुत्यात 'नाही' हा शब्द नव्हता. सुपारीत आहे. पोरांनो, हा फरक तुम्हाला छोटा वाटत असेल तर तुम्ही बलुतं बघितलेलं नाही.

आता सिनेमाच्या गाण्याकडं येतो. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. सिनेमाचं गाणं म्हणजे भ्रष्ट, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. बुधवारी रात्री अमीन सयानीची बिनाका गीतमाला ऐकली. शेवटी १९५७ ला सरकारला विविध भारती काढावी लागली. पण रेडिओ होता कुणाकडं? वाड्यात आणि स्टँडवरच्या हॉटेलात. हॉटेलात आम्हाला आत बसू देत नव्हते. बाप बाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि गाणं कानात भरून घ्यायचा. दिल्लीच्या शुद्ध संगीतानं नाकारलेलं गाणं हॉटेलानं नाकारलेल्या माणसानं उचललं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आणलं. ज्या गावात वीज नव्हती, टॉकीज नव्हती, तिथं सिनेमाचं गाणं पहिल्यांदा आमच्या फुंकेतून पोचलं.

'नागिन' आला १९५४ ला. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली ती पुंगी आठवते ना, जिच्यावर आजही नवरदेवाचे मित्र रुमाल तोंडात धरून लोळतात? ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. बापानं तुळजापूरच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये ऐकली, तीन खेळ बघून. त्याला वाटलं, ही गारुड्याचीच पुंगी. घरी येऊन क्लॅरिनेटच्या पत्तीवर ओठ कमी-जास्त दाबून त्यानं तो सूर लववला. विजेचं यंत्र जे करत होतं ते ओठानं केलं! नोटेशन येत नव्हतं, सही सुद्धा धड येत नव्हती.

गाणं बँडवर बसवणं ही काय चीज आहे, ते ऐका. 'सूरज' सिनेमातलं, १९६६ चं, रफीनं गायलेलं वरातीचं गाणं घ्या. शंकर-जयकिशनचं. तिथं शेकड्यानं व्हायोलिनं. इथं अकरा माणसं. बाप आधी गाण्याची पट्टी उतरवायचा, क्लॅरिनेटवर बोटं सरळ पडतील अशी. रफीची ओळ क्लॅरिनेटला. व्हायोलिनचे तुकडे ट्रंपेटला. ट्रंपेटवाल्याचे ओठ सुजतात, त्याला सलग वाजवता येत नाही, म्हणून आलटून-पालटून. खालचा भरणा युफोनियमला. अंतरा छाटायचा, कारण नाचणाऱ्याला मुखडा पाहिजे. आणि हे सगळं चालता चालता, अंधारात, कागदाशिवाय. शे-दीडशे गाणी बापाला तोंडपाठ होती.

मुंबईत हेच काम करणाऱ्यांना अरेंजर म्हणतात. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस असेच थोर माणूस. प्यारेलालांचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं पात्राचं नाव शिष्यानं त्यांच्यावरूनच गाण्यात गाजवलं. ते आपल्याला पूज्य आहेत. पण त्यांच्या लोकांचंही नाव पडद्यावर क्वचितच यायचं. मग बेंबळीच्या माणसाचं कुठून येणार? स्टुडिओत फुंकलं तर म्युझिशियन, रस्त्यावर फुंकलं तर वाजंत्री!

आता दुसरी बाजू झाकत नाही. बँडनं सुटका अर्धीच केली. सुपारी रोख, पण जेवायला शेवटी आणि मांडवाच्या बाहेर. नवरदेवावर नोटा ओवाळून आमच्या पायाशी टाकायच्या आणि आम्ही वाकून उचलायच्या. डोक्यावर गॅसबत्ती धरून चालणारी बाई आमचीच, नाचणाऱ्यांचा धक्का खाणारी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : ज्या वेशीतून आम्ही दुसऱ्याचा नवरदेव वाजवत नेला, त्या वेशीतून आमचा नवरदेव घोड्यावर जाऊ शकत नव्हता.

एक गोष्ट सांगतो. साल १९७९. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेडकडं टेंभुर्णीचा पोचीराम कांबळे मारला गेला. जयभीम सोडला नाही म्हणून. तो मातंग होता, हे लक्षात ठेवा. तर पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावी, नाव सांगत नाही, बौद्ध वस्तीतलं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर, वेशीतून विहारापर्यंत. सुपारी आमची. आदल्या रात्री दोन माणसं घरी आली. म्हणाली, वेशीपर्यंत वाजवा, वेशीत बंद करा. नाहीतर आमची लग्नं विसरा. हंगामातली जास्तीची कमाई त्याच लोकांची. अकरा माणसांत वाद झाला. निम्मे म्हणाले, बंद करू, पोटाचा प्रश्न हाय. बाप म्हणाला, "सुपारी विहारापर्यंतची घेतली. मधी थांबायची सुपारी आपुन घेतली न्हाई."

दुसऱ्या दिवशी वेशीत दगड आले. साइड ड्रमचं कातडं फाटलं. युफोनियमला पोचा पडला. मी खुळखुळा हलवत होतो, हात थरथरत होता, त्यामुळं ताल दुप्पट झाला. बापाच्या क्लॅरिनेटवर 'सूरज'चं तेच गाणं. थांबला नाही. विहारापाशी नवरदेव घोड्यावरून उतरला आणि आधी बापाच्या पाया पडला. बौद्ध वस्तीनं पट्टी काढून ड्रमला कातडं बसवून दिलं. त्या गावची सुपारी मात्र पुढं तीन हंगाम आली नाही. त्या तीन हंगामांत घरात काय शिजलं ते माझ्या मायला माहीत होतं.

म्हणून त्या शिकलेल्या पोराला विचारतो, ती गुलामी होती का रे?

कुठला आवाज कुणी करायचा, यावर या देशात माणसं मारतात. शिर्डीत २०१५ साली मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका पोराला ठार केलं. अशा देशात वाजवता येणारा माणूस ही चळवळीची ताकद आहे. तिला तुम्ही पेटीत घालून डीजेला पैसे मोजता. डीजेच्या भिंती पैसेवाल्याच्या मालकीच्या. तो उद्या तुमच्या विरोधातल्या मोर्चालाही तेवढ्याच आवाजात वाजेल. २०२० चं टाळं लागलं तेव्हा बँडवाल्यांचा लग्नाचा हंगाम बुडाला. माझ्या भावानं दोन ट्रंपेटं मोडीत विकली, पितळेच्या भावानं. तेव्हा कोण विचारायला गेलं?

मी बँडची आरती करायला आलो नाही. अटी घालून वाजवा, असं म्हणतो. नोटा पायाशी टाकल्या तर उचलायच्या नाहीत. जेवण सगळ्यांबरोबर, नाहीतर जेवणाचे पैसे वेगळे. ज्या गावात आपला नवरदेव अडवला, त्या गावाची सुपारी जिल्ह्यातल्या एकाही बँडनं घ्यायची नाही, मग बघू वरात कशी निघते ते. पोरांना नोटेशन शिकवा, पोरींच्या हातात ट्रंपेट द्या. आणि 'वाजवायचं काम मांगाचं' हे वाक्य आपल्या वस्तीत परत ऐकू आलं, तर तडवळ्याच्या परिषदेचं नाव घ्यायचा आपल्याला अधिकार नाही.

येत्या १४ एप्रिलची सुपारी घेऊन जा. भावाचा दर पूर्ण द्या, निम्मा नको. मिरवणुकीत तो पुढं चालेल, आणि संपल्यावर स्टेजवर त्याची खुर्ची ठेवा.

जयभीम.