पुढे पाठवू नका, तक्रार करा

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. पऱ्हाटीच्या पैशातून तुमची फी भरणाऱ्या आईबापांचंही अभिनंदन.

आज एकाच गोष्टीबद्दल बोलतो. लहान मुलावरच्या अत्याचाराचा व्हिडिओ ग्रुपवर येतो. खाली लिहिलेलं असतं, 'नराधम सापडेपर्यंत शेअर करा.' पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दर वेळी त्या लेकराची विटंबना नव्याने होते. शिवाय असा व्हिडिओ पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार असा मजकूर शोधणं, उतरवून घेणं, पसरवणं, सगळंच शिक्षेला पात्र आहे. तो जवळ बाळगण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात कठोर भूमिका घेतली.

मग करायचं काय? प्रीती आणि प्रवीण पाटकर यांची 'प्रेरणा' ही संस्था 1986 पासून मुंबईत कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी झटते आहे. मुलांचा बाजार मोबाईलवरही भरू लागला, तेव्हा ती तिथेही पोचली. तिच्या 'आरंभ इंडिया' उपक्रमाने 2016 मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या साथीने भारतासाठी तक्रारीची सोय उभी केली. नाव न सांगता लिंक कळवायची. तज्ज्ञ ती तपासतात, मजकूर कोणत्या देशातल्या सर्व्हरवर आहे ते शोधतात आणि तिथल्या संस्थेला कळवतात. अशा संस्थांचं 'इनहोप' हे जाळं 1999 मध्ये उभं राहिलं. जपान आणि तैवानमधल्या संस्थाही त्यात आहेत. ओळख पटलेल्या चित्राची बोटाच्या ठशासारखी डिजिटल खूण काढून ठेवतात. तेच चित्र कुणी दुसरीकडे चढवलं, तर त्या खुणेवरून ते पकडता येतं.

आशियाने ही लढाई फार आधी सुरू केली. पर्यटकांकडून होणारं मुलांचं शोषण थांबवण्यासाठी 1990 मध्ये थायलंडमधून 'एकपॅट'ची मोहीम निघाली. तेव्हा गुन्हेगार विमानाने यायचा. आता त्याला घराबाहेर पडावंही लागत नाही, म्हणून एका देशाचे पोलीस पुरत नाहीत.

पण या सगळ्या यंत्रणेची सुरुवात कुणीतरी केलेल्या तक्रारीपासून होते, आणि आपण तिथेच कमी पडतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. अफवा मोबाईलवरून फिरत होती. ती हजारो हातांतून गेली असेल. वेळेत अडवणारा हात मात्र पुढे आला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. त्या पाच जणांसाठी तोवर उशीर झाला होता.

असा मजकूर अडवणारी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांची यंत्रणा इंग्रजी चांगली वाचते. गोंडी किंवा कोलामीतली धमकी तिच्या नजरेतून निसटेल, हे मला स्पष्ट दिसतं. तुम्ही त्या भाषा बोलता, वर तेलुगूही समजता. असा मजकूर ओळखून कळवण्याचं काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण करणार?

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा मजकुराची तक्रार नाव न सांगता करता येते, संकटातल्या मुलासाठी 1098 आहे. पोडावर, तांड्यावर, घरी गेल्यावर या दोन्ही गोष्टी आपापल्या भाषेत सांगा. आणि तसा व्हिडिओ पुन्हा आला, तर तो पुढे न पाठवता त्याच दिवशी तक्रार करा.